साडी कुठल्या घरची

"थांब! आहेस तिथेच थांब."

माझी मैत्रीण फिरदौस थांबली. बाकं जोडून, त्यांवर लाल जाजम अंथरून आमच्या कॉलेजने रॅम्प केला होता, त्याच्या बरोबर मध्यावर. गाणं मात्र वाजतच राहिलं, कारण ते लावणाऱ्या शिपायाला कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून कुसुमताई कोठावदे उठल्या होत्या. त्या आमच्या संस्थेच्या अध्यक्षा आणि त्या दिवशीच्या प्रमुख पाहुण्या. बक्षीस त्यांच्याच हातून मिळायचं होतं.

"पाठ फिरव," त्या म्हणाल्या.

फिरदौसने पाठ फिरवली. तिच्या अंगातलं जाकीट मी शिवलं होतं, हिरव्या पैठणीचं. पदर न कापता अख्खा पाठीवर घेतला होता. दोन मोर समोरासमोर, आणि एका मोराच्या पायाशी नखाएवढं रफू.

कुसुमताई रॅम्पजवळ गेल्या. चष्मा सारखा करून त्यांनी त्या रफूवर बोट ठेवलं.

"ही साडी माझी आहे. माझ्या सासूबाईंची. औक्षणाच्या वेळी निरांजन लागून इथे भोक पडलं होतं, ते मी माझ्या हाताने रफू केलंय. चार महिने झाले, कपाटातून नाहीशी झाली आहे." मग त्यांनी आवाज चढवला. "कुणी केलाय हा पोशाख?"

मी केला होता. रेणुका पाचंगे, ड्रेस डिझायनिंग, शेवटचं वर्ष. मी पडद्यामागून बाहेर आले आणि शिपायाने तेव्हा कुठे गाणं बंद केलं.

स्पर्धेचं नाव 'टाकाऊतून टिकाऊ'. नियम एकच, पोशाख टाकून दिलेल्या वस्तूंचा हवा. पहिल्या नंबराला मुंबईत, नाटकाचे कपडे करणाऱ्या मोठ्या कार्यशाळेत सहा महिने शिकायला मिळणार होतं. मला ते हवं होतं. वीस वर्षांच्या आयुष्यात मला दुसरं काही एवढं हवं होतं असं आठवत नाही. माझ्या वर्गातल्या एकीने बाजारातून चारशे नवे कोरे प्लास्टिकचे चमचे आणले, त्यांना चहात बुडवून जुनं केलं आणि त्यांचा घागरा केला. दुसरीने आपल्या काकांच्या दुकानातून सीडींचा न उघडलेला गठ्ठा आणून त्याचे खवले केले. टाकाऊ म्हणजे काय, हेच ज्यांना ठाऊक नाही, त्या पोरी टाकाऊचे पोशाख करत होत्या आणि आमच्या विभागप्रमुख नेहते मॅडम त्यांच्या कल्पकतेचं कौतुक करत होत्या.

माझ्या घरात टाकाऊच होतं. दारापासून मोरीपर्यंत. माझी आई, अंबूबाई, बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. जुने कपडे घ्यायचे, त्यावर स्टीलची भांडी द्यायची. आणलेले कपडे धुवायचे, सांधायचे, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायचे. वडील गेल्यापासून घर तिच्या डोक्यावर, म्हणजे अगदी शब्दशः डोक्यावर होतं. कापड तिला हाताला कळायचं. अंगठ्याने ताणून ती सांगायची, ही साडी अजून दोन वर्षं जाईल, ही पहिल्या धुण्यात फाटेल. तीन वर्षं मी कॉलेजात जे शिकले त्यातलं निम्मं मला आधीच येत होतं, आणि ते कुठून येतं हे मी एकट्या फिरदौसशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिथेच माझी चूक झाली. स्पर्धेच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'साहित्य कुठून मिळवले'. मी त्यात लिहिलं, 'घरातील जुनी साडी व कपडे'. बोहारणीची मुलगी म्हणवून घ्यायला नको म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नेहते मॅडमनी तो फॉर्म शोधून काढला आणि सभागृहात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मॅडम तशा रागीट नव्हत्या, पण कुसुमताईंसमोर त्यांचा कणाच नाहीसा व्हायचा.

"घरातली जुनी साडी?" कुसुमताई म्हणाल्या. "कुणाच्या घरातली?"

मी काही बोलणार तेवढ्यात मला त्यांच्या शेजारी बसलेली बाई दिसली. तिशीची असेल. पिस्ता रंगाची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती खाली बघत होती. मी तिला ओळखलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, आईच्या मदतीला मी गेले होते. मदतीला म्हणजे काय, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून गल्लीच्या तोंडाशी गाठोडं सांभाळत बसायचं. दुपारी दोनची वेळ, आईच्या धंद्याची खरी वेळ. घरातले पुरुष बाहेर, सासवा झोपलेल्या, सुना मागच्या दाराशी. एका बंगल्याच्या मागच्या दारात हीच बाई उभी होती. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आईच्या हातात दिलं. आईने उलगडून पाहिलं आणि लगेच झाकलं. दोघी बऱ्याच वेळ काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. आईने पाटीतली सगळ्यात चांगली, काठावर वेलबुट्टी असलेली परात तिच्यापुढे केली. बाई नको नको म्हणत होती. आईने ती तिच्या हातात जवळजवळ कोंबली. फुकटचं कापड घ्यायचं नाही, असा आमच्या धंद्याचा नेम आहे. चमचा का होईना, द्यायचाच.

ती साडी आईने बाजारात नेली नाही. गाठोड्याच्या तळाशी ठेवली. दोन महिने मी तिच्या मागे लागले तेव्हा एक दिवस वैतागून म्हणाली, "घे बाई, काप. तशीबी ती नेसायला न्हाईच कुनाला." तिच्या बोलण्याचा अर्थ मी विचारला नाही. मला मोर दिसत होते.

तो बंगला मी मागच्या बाजूनेच पाहिलेला. पुढच्या दारावर कुणाची पाटी आहे, हे मला कसं कळावं?

"मुली, मी तुला काहीतरी विचारतेय," कुसुमताई म्हणाल्या. "साडी कुठून आणलीस?"

"आईने आणली," मी म्हणाले.

"आईने कुठून आणली?"

"म्याच सांगते." आवाज मागून आला. सगळ्या माना मागे वळल्या.

आई शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी होती. तिला फिरदौसने मला न विचारता बोलावलं होतं, तुमच्या पोरीचा पोशाख बघायला या म्हणून. डोक्यावर पाटीखालची चुंबळ अजून तशीच होती, ती काढायचं विसरली होती. दोनशे माणसांसमोरून ती सरळ चालत पुढे आली. तिच्याकडे बघून मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा संताप आला.

"म्या बोहारीण हाय, मोठ्या बाई. जुन्यावर भांडी देते. साडी म्या घेतली. पोरीचा दोष न्हाई."

सभागृहात कुजबुज झाली. पहिल्यांदा कुजबुज झाली ती साडीबद्दल नव्हे, 'रेणुकाची आई बोहारीण' याबद्दल. चमच्यांच्या घागऱ्यावाली हसलेली मी पाहिली.

"घेतलीस ना? मग कुणाकडून?" कुसुमताईंनी विचारलं.

आईने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"नाव सांग. कुठल्या घरातून घेतलीस?"

"घर सांगत न्हाईत आमच्यात."

"म्हणजे?"

"म्हंजी घर सांगत न्हाईत," आई शांतपणे म्हणाली. "कुनाच्या दारातनं काय आलं ते दुसऱ्या दारात बोलायचं न्हाई. माझ्या सासूनं मला पाटी दिली तवा पयलं हेच सांगितलं. आज एकाचं घर सांगितलं तर उद्या दुसऱ्याचं सांगीन. मंग मला दारात कोन उभं करंल?"

"वा! चोरीचा माल घ्यायचा आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं." कुसुमताई नेहते मॅडमकडे वळल्या. "पोलिसांना बोलवा."

पोलीस म्हटल्यावर मागच्या रांगांतली माणसं उभी राहिली. मी त्या पिस्ता साडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ही उठेल. आता तरी म्हणेल, साडी मी दिली. काय होईल फार तर? घरी जाऊन चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. इकडे एका बाईला चोर ठरवलं जातंय, आणि ही मूग गिळून बसलीय. तिच्या बोटांनी पर्सचा बंद एवढा आवळला होता की नखं पांढरी पडली होती. उठली मात्र नाही.

"यांना विचारा ना!" मी ओरडले. बोट सरळ तिच्याकडे केलं. "यांनी दिली. मागच्या दारात उभं राहून दिली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्यावर माझ्या आईने परात दिली, काठावर वेलबुट्टी असलेली. जा, बघा तुमच्या स्वयंपाकघरात आहे का ती!"

कुसुमताईंची मान सावकाश त्या बाईकडे वळली. "स्मिता?" एवढंच म्हणाल्या. ती त्यांची सून होती. सुनेने मान आणखी खाली घातली, आणि कुसुमताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मला स्पष्ट दिसलं. त्यांना ती परात आठवली होती. माहेरून आली, असं कधीतरी त्यांना सांगितलं गेलं असेल. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

आणि आईने माझ्या थोबाडीत मारली.

असली तसली नाही. कानात घंटा वाजली. माझी आई हात उगारणारी बाई नव्हती. वडील गेले त्या दिवसापासून तिने मला बोटही लावलं नव्हतं.

"खोटं बोलती पोरगी," ती कुसुमताईंना म्हणाली. "मला वाचवायला बोलती. म्या ही साडी जुन्या बाजारात घेतली, एका मानसाकडनं. त्याचं नाव मला ठावं न्हाई. तुमच्या सूनबाईला म्या आज पयल्यांदा बघती."

दोनशे माणसांसमोर माझ्या आईने मला खोटारडी ठरवलं. जिने दोन महिने साडी उराशी धरून ठेवली, जिला दार, घर, बाई, परात सगळं ठाऊक होतं, तिने.

आता कुसुमताई काय बोलणार? त्यांच्यापुढे सत्य होतं आणि खोटं होतं, दोन्ही ताटात वाढलेली. त्या सभागृहाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ऐकलंत सगळ्यांनी? तिची आईच म्हणते." आणि सोफ्यावर बसल्या. घराण्याची अब्रू वाचली. पोलिसांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या रॅम्पभोवती आम्ही चौघी होतो. मी, माझी आई, कुसुमताई आणि त्यांची सून. चौघींनाही खरं ठाऊक होतं, आणि चौघींत खोटारडी ठरले ती मी. आज त्याला वीस वर्षं होतील.

मला स्पर्धेतून बाद केलं. नेहते मॅडमनी कुसुमताईंशी बोलून निकाल सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात यायचं, माफीपत्र लिहून द्यायचं आणि पोशाख उसवून साडीचे सगळे तुकडे परत करायचे. दोन्ही केलं तर शेवटच्या परीक्षेचं हॉल तिकीट मिळेल. नाहीतर नाही.

"मोठे तुकडे आहेत ना? पदर अख्खा आहे, काठ लांबच्या लांब आहेत," कुसुमताई पोशाख न्याहाळत म्हणाल्या. "येवल्याला आमचा विणकर आहे, तो जोडून देईल. ती साडी आमच्या घरात अजून लागायची आहे."

सुनेने तेव्हा प्रथमच मान वर केली. कुणाकडे पाहिलं नाही. नुसतं समोर पाहिलं. मला तिचा चेहरा बघून वाटलं, बरं झालं, कशाने का होईना, हिला दुखलं.

आई आणि मी घरी निघालो. ती मागून पाटी घेऊन येत होती आणि मी मुद्दाम भराभर चालत होते. घरात शिरल्या शिरल्या मी फुटले.

"पोटच्या पोरीला मारलंस! कुणासाठी? त्या बंगलेवालीसाठी? कोण लागते ती तुझी?"

आईने पाटी उतरवली. मोरीत जाऊन पाय धुतले. स्टोव्ह पेटवला.

"मला चोर म्हनले असते तर सोसलं असतं," ती म्हणाली. "तू तिचं नाव घ्यायला नको होतंस."

"खरं होतं ते!"

"खरं होतं म्हनून तर."

"म्हणजे खऱ्याला थोबाडीत आणि खोट्याला सोफा? वा गं तुझा धंदा!"

आईने पातेलं पुढे ओढलं. चहाचं पाणी उकळत ठेवून ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि पाठमोरीच बोलायला लागली. दारातल्या गोष्टी तिने मला कधी सांगितल्या नव्हत्या. ही पहिली आणि शेवटची.

"डोहाळजेवनाची साडी हाय ती. त्यांच्या घरात सातव्या महिन्यात सुनेला तीच नेसवत्यात. सासूनं नेसली, सासूच्या सासूनं नेसली. हिला दोनदा नेसवली."

"मग?"

"मंग काय? दोन्ही डाव पोर हाती लागलं न्हाई. एक पोटातच गेलं, एक सा दिसांचं." आईने स्टोव्हला दोन-तीन पंप मारले. "दर सहा महिन्याला सासू ती साडी गच्चीत उन्हात टाकाया लावती. हिलाच. आन आजूबाजूच्या बायांना ऐकू जाईल असं म्हनती, नीट परतून टाक, आमाला अजून लागायची हाय. त्या दिवशी मला म्हनली, मावशी, ही लांब न्या. भांडं नको, काय नको. निस्ती माझ्या डोळ्यांपुढनं न्या."

मी खाली बसले. राग गेला म्हणून नव्हे. रागाला कुठे ठेवू ते कळेना म्हणून.

"दोनशे मानसांत हे इचारलं असतं त्यांनी," आई म्हणाली. "का दिलीस, म्हनून. काय सांगितलं असतं तिनं?"

"आणि माझं काय?" मी म्हटलं. "माझी मुंबई गेली. मी खोटारडी ठरले. माझं काय, आई?"

आई वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"तुला म्या हाय," ती म्हणाली. "तुला मारलं तर तुला च्या करून देते. तिला तिथं कोन हाय?"

मी चहा घेतला नाही. मी साधी पोर होते, संत नव्हते. सुनेचं दुःख मला कळलं, पण माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट आता तो चारही दिशांना झाला. सासूवर होताच. सुनेवर होता, कारण दुःख असलं तरी तोंड होतं तिला. आईवर होता, कारण ती बरोबर होती. आणि माझ्यावर होता, कारण त्या फॉर्मवर मी 'आई बोहारीण आहे' एवढे तीन शब्द लिहिले असते, तर कदाचित इथपर्यंत आलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरदौस आणि मी कॉलेजच्या शिवणखोलीत पोशाख उसवायला बसलो. मी शिवलेली शिवण पक्की असते. उसवायला दोन तास लागले. फिरदौस शेवटचा धागा काढून म्हणाली, "झालं. घडी घालू?"

टेबलावर हिरवी पैठणी पसरली होती. आठ तुकडे होते. नीट मांडले तर साडी पुन्हा दिसत होती. कुसुमताई बरोबर बोलल्या होत्या, चांगल्या विणकराने ती जोडली असती. पुन्हा कपाटात गेली असती. पुन्हा उन्हात आली असती.

मी भिंतीवरची मोठी कात्री काढली.

"रेणू, काय करतेस?"

"बाहेर थांब तू. तुझं नाव नको यात."

फिरदौस गेली नाही. दाराला कडी लावून दारातच उभी राहिली.

मी दयेने कापलं असं कुणी म्हणू नये. पहिला काठ मी कुसुमताईंवरच्या रागाने कापला, दुसरा नेहते मॅडमवरच्या. अंगाचं हिरवं रेशीम कापताना चमच्यांचा घागरा आणि ते हसणं आठवत होतं, आणि आईने मला मारलेल्या थोबाडीच्या रागात मी निदान हातभर कापड कापलं असेल. जरीची तार कात्रीला कडक लागत होती, अंगठ्याला फोड आला. सगळ्यात शेवटी पदर राहिला. दोन मोर आणि ते रफू. तिथे माझा हात थांबला, कारण तो पदर फार सुंदर होता आणि मी पुन्हा आयुष्यात तसा विणलेला मोर कापणार नव्हते. मग मला ती गच्ची दिसली. न पाहिलेली गच्ची. ऊन, दोरी, आणि ही साडी परतून टाकणारी ती बाई. मोर कापले तेव्हा मात्र मला कुणाचा राग आला नव्हता. ते एवढंच मी रागाशिवाय केलं.

प्रत्येक तुकडा बोटभर. कुठला कुठे बसतो, हे विणकराच्या बापालाही सांगता आलं नसतं.

दुपारी ऑफिसात नेहते मॅडम टेबलामागे होत्या. कुसुमताई खुर्चीत आणि त्यांच्या मागे सून उभी. पुढे कोरा कागद ठेवलेला होता.

"लिही," नेहते मॅडम म्हणाल्या. "मी श्रीमती स्मिता कोठावदे यांच्याविषयी खोटे बोलले, त्याबद्दल मी क्षमा मागते."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. मग तारीख, सही, पूर्ण नाव. लिहिताना मला त्या सुनेचा श्वास ऐकू येत होता.

"आता सांग," कुसुमताई कागद उचलून म्हणाल्या. त्यांना अजून चैन पडत नव्हतं. खोटं त्यांना पुन्हा एकदा ऐकून पक्कं करून घ्यायचं होतं. "माझ्या सुनेने दिली होती का साडी?"

सुनेने डोळे मिटले. माझ्या जिभेवर सगळं होतं. परात, मागचं दार, सातवा महिना, सहा दिवस. एक वाक्य बोलले असते तर त्या बंगल्याचं छप्पर उडालं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"आणि साडी?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडून आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत हिरव्या, लाल, सोनेरी चिंध्या होत्या आणि बोटांतून खाली गळत होत्या.

"हे काय?" त्यांचा आवाज चिरकला. "काय केलंस हे? शंभर वर्षांची साडी! काय केलंस!"

"तुकडे परत करायचे होते ना, ताई," मी म्हणाले. "सगळे आहेत. एकही ठेवलेला नाही."

त्या पुढे काय काय बोलल्या ते मी सांगत बसत नाही. जात, धंदा, लायकी, सगळं निघालं. नेहते मॅडमनी तिथल्या तिथे माझं हॉल तिकीट ड्रॉवरमधून काढून फाडलं. त्या सगळ्या आरड्याओरड्यात सून खाली बसली आणि जमिनीवर सांडलेल्या चिंध्या गोळा करायला लागली. एक मोराचा डोळा असलेली चिंधी तिने तळहातावर धरली, उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं. आभार वगैरे काही नव्हतं त्या बघण्यात, आणि असते तर मी ते घेतले नसते. तिने नुसतं पाहिलं, एवढा वेळ कोंडलेला श्वास सोडला आणि चिंध्या पिशवीत भरल्या.

बाहेर येऊन मी आईला शोधत गेले. ती कॉलेजमागच्या गल्लीत एका ओट्यावर बसून भांडी पुसत होती.

"दिलं लिहून?" तिने विचारलं.

"दिलं."

"साडी?"

"कापली. बोटभर तुकडे केले. आता ती कुणालाच नेसवता येणार नाही."

आईचा हात थांबला. आयुष्यभर फाटक्याला फाटकं जोडून जगलेली बाई ती. धड कापड फाडणं तिच्या लेखी पाप होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे, तो हातात घेतला आणि फोड पाहिला.

"परीक्षा?"

"नाही बसू देणार."

"मंग उद्यापास्नं चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "वरीसभर घरी बसून काय करशील."

मी गेले. वर्षभर तिच्याबरोबर दारोदार फिरले, स्कार्फ न गुंडाळता, उघड्या चेहऱ्याने ओरडत. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावाहून परीक्षा दिली. आता माझा स्वतःचा कारखाना आहे, नाटकांचे कपडे मीच करते. ते सांगायला ही गोष्ट लिहिलेली नाही. त्या कॉलेजच्या फायलीत माझ्या अक्षरातला तो कागद अजून असेल, मी खोटं बोलल्याचा. खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवावं, एवढ्यासाठी लिहिली.

यातलं गाव मी बदललं आहे. कोठावदे हे त्या लोकांचं नाव नाही, स्मिता हे तिचं नाव नाही. कुणी कितीही विचारलं तरी घर मी सांगणार नाही. नाव तेवढं एक खरं ठेवलं आहे, त्या कागदावर खाली सही केली होती ते. रेणुका सोपान पाचंगे.